फोन लॉक, पण पोर्ट उघडा: यूएसबी ड्रायव्हरमधून कर्नलपर्यंतची वाट

२५ डिसेंबर २०२४ रोजी सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये आंदोलनात सक्रिय असलेल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं गेलं. त्याच्याकडे सॅमसंग गॅलेक्सी ए३२ होता, लॉक केलेला. पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने हा फोन तपासला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला निष्कर्ष जाहीर केले: फोन सेलेब्राइट कंपनीच्या साधनाने उघडण्यात आला होता.

माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फोनच्या लॉगमध्ये आहे. लॉक असतानाच या फोनला एकामागून एक यूएसबी उपकरणं जोडल्याच्या नोंदी सापडल्या. वेबकॅम, टचपॅड आणि क्रिएटिव्ह कंपनीचं एक्स्टिजी हे वीसेक वर्षांपूर्वीचं साउंड कार्ड! अर्थात, ही उपकरणं तिथे खरोखर नव्हतीच. एक यंत्र त्यांची सोंगं घेत होतं.

ड्रायव्हर कोण निवडतं?

यूएसबी उपकरण जोडलं की ते स्वतःची ओळख सांगतं: कंपनीचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, आणि मी कॅमेरा आहे की कीबोर्ड. कर्नल आपल्याकडच्या यादीत हे क्रमांक शोधतो आणि जुळणारा ड्रायव्हर त्या उपकरणाला जोडून देतो. यालाच ड्रायव्हर बाइंडिंग म्हणतात. मग तो ड्रायव्हर उपकरणाने पाठवलेली पुढची माहिती वाचायला लागतो.

या ओळखीची कुठलीही पडताळणी होत नाही. दारावर कुणी "मी गॅसवाला" म्हणालं की ओळखपत्र न बघता आत घ्यावं, तसंच हे. आणि लॉक स्क्रीन या सगळ्याच्या वरच्या थरावर असते. पिन विचारायचं काम तिचं. खाली पोर्टवर काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नसतो.

अँड्रॉइड तसा बराच बंदिस्त आहे. बूट होताना सह्या तपासल्या जातात, प्रत्येक ॲप आपापल्या सँडबॉक्समध्ये असतं, वर एसईलिनक्सचे नियम. पण इथे या तटबंदीचा फारसा उपयोग होत नाही. ड्रायव्हर अस्सल असतो, त्यावर सहीसुद्धा बरोबर असते. खोटं असतं ते उपकरण. सही कोडची खात्री देते, त्या कोडला बाहेरून काय वाचायला दिलं जातंय याची नाही. शिवाय ड्रायव्हर कर्नलच्याच अधिकारांनी चालतो. तो फसला, तर सँडबॉक्स हल्लेखोराच्या वाटेत येतच नाही.

तीन जुन्या चुका

लिनक्स कर्नलचे पॅच सगळ्यांना वाचता येतात. सीव्हीई-२०२४-५३१०४ ही चूक वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये होती आणि ती २००८ च्या २.६.२६ आवृत्तीपासून होती. एका अनोळखी प्रकारची फ्रेम आली की ड्रायव्हर राखून ठेवलेल्या मेमरीच्या बाहेर लिहायचा.

सीव्हीई-२०२४-५३१९७ एक्स्टिजीसाठीच्या खास कोडमध्ये. हे कार्ड सुरू करताना ड्रायव्हर त्याची ओळख दुसऱ्यांदा वाचतो. दुसऱ्या वेळी उपकरणाने आधीपेक्षा मोठा आकडा सांगितला, तर कर्नल हद्दीबाहेरची मेमरी वापरायचा. तिसरी, सीव्हीई-२०२४-५०३०२, कीबोर्ड-माउसच्या कोडमध्ये. तिच्यामुळे कर्नलची मेमरी बाहेर झिरपू शकत होती.

गूगलने हे तीन पॅच २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि मार्चच्या अपडेटमध्ये दिले. सर्बियातल्या संबंधित ग्राहकांना आपली साधनं वापरण्यापासून थांबवल्याचं सेलेब्राइटने फेब्रुवारीत जाहीर केलं.

पॅच पुरेसा का नाही?

कारण अशा ड्रायव्हरची यादी खूप लांब आहे. ज्या साउंड कार्डचा वापर लाखात एखादाही फोनवाला करणार नाही, त्याचा कोड सगळ्यांच्या खिशात फिरतो. एकेक चूक बुजवत बसण्यापेक्षा नियम बदलायला हवा: फोन लॉक असेल तर नवीन उपकरणाला ड्रायव्हर मिळणार नाही, फक्त चार्जिंग होईल.

हे अशक्य नाही. लिनक्समध्ये नवीन यूएसबी उपकरणांना परवानगीशिवाय न जोडण्याची सोय आहे. ग्राफीनओएसमध्ये लॉक असताना नवीन यूएसबी जोडणी बंद असते. आयफोनमध्ये २०१८ पासून असं बंधन आहे. तेही अभेद्य नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातली पळवाट ॲपलला बुजवावी लागली. गूगलनेही अँड्रॉइड १६ सोबतच्या ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शनमध्ये यूएसबी संरक्षण आणण्याचं जाहीर केलं. पण ते ज्याने मुद्दाम चालू केलं त्यालाच मिळणार.

या नियमाची किंमतही आहे. स्क्रीन फुटल्यावर यूएसबी माउस लावून फोन उघडणाऱ्यांची पंचाईत होईल. तरी माझं मत असं की सुरक्षित पर्याय आधीपासून चालू हवा आणि सूट मागून घ्यावी लागावी.

आपण काय करायचं?

या हल्ल्यासाठी फोन दुसऱ्याच्या हातात जावा लागतो, त्यामुळे स्टेशनवरच्या चार्जरला पाहून घाबरायची गरज नाही. पण सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' इथे जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती ५ एप्रिल २०२५ च्या आधीची असेल तर अपडेट करा. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल, तर त्या फोनचा पिन कितीही अवघड ठेवला तरी खालचं दार उघडंच राहतं. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी तरी असा फोन कामासाठी वापरू नये.