कच्च्या लिंबाची कैफियत

लगोरीचा डाव मांडला, की कोणाची तरी धाकटी बहीण रडत यायची आणि तिची आई गॅलरीतून ओरडायची, "अरे, घ्या रे तिलाही!" मग आम्ही तिला घ्यायचो. कच्चे लिंबू म्हणून. तिच्यावर राज्य यायचे नाही, ती बाद व्हायची नाही, आणि तिने लगोरी फोडली तरी ती फुटली असे कोणी मानायचे नाही. ती आपली आनंदाने या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असायची. मग एके दिवशी तिला उमगायचे, की आपण इतके दिवस खेळतच नव्हतो! त्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या चाळीत जे रडे ऐकू यायचे, ते पडल्या-लागल्याच्या रड्याहून अगदी निराळे असे.

हे आज ऐन दिवाळीत आठवण्याचे कारण गोल्फ आहे. हसू नका. गोल्फ आणि डोंबिवली ही जोडी आमच्या लहानपणी उंट आणि ठाण्याची खाडी यांच्यासारखी वाटली असती. मुंबईत साहेबाने हा खेळ १८४२ साली आणला, चेंबूरचे मैदान १९२७ सालचे; पण ठाणे-कल्याणच्या माणसाने ते पाहिले ते झाडांच्या फटीतून. पुढे सिडकोने २०१२ साली खारघरच्या डोंगराच्या कुशीत मैदान उघडले आणि पैसे भरून कोणालाही खेळता येऊ लागले. कल्याण-शीळ रस्त्यावर पलावात नऊ होलांचे मैदान झाले. कंपन्यांतून वरच्या जागेवर गेलेली आपली माणसे साहेबाबरोबर खेळता खेळता स्वतःच खेळाडू झाली. मला या खेळाचे प्रेम नाही. एवढी जमीन, एवढे पाणी आणि एवढासा चेंडू, हा हिशेब माझ्या मध्यमवर्गीय मनाला कधी पटलेला नाही. पण माझे थोरले मेहुणे, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते कारखान्यातून निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी हा खेळ शिकले, आणि रविवारी पहाटे पिशवी खांद्यावर टाकून निघताना त्यांच्या तोंडावर जो उजेड दिसे, तो मी पाहिलेला आहे.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ठाणे, कल्याण आणि डोंबिवली अशा तीन गावांतल्या बारा गोल्फवाल्यांची बैठक आमच्याच इमारतीत भरली होती. फेब्रुवारीत सर्वांनी मिळून थायलंडला जायचे आणि पाच दिवस खेळायचे, असा बेत. चकल्यांच्या आशेने मीही जाऊन बसलो. हुआ हिन हे गाव ठरले. तिथले जुने मैदान १९२४ सालचे, तेही रेल्वे स्टेशनाला लागून; तेव्हा डोंबिवलीकराला ते परके वाटू नये. इथपर्यंत सारे ठीक होते. मग मैदाने ठरू लागली, आणि माझ्या लक्षात आले की बारा माणसे बसली आहेत, पण बोलत आहेत दोघेच.

हे दोघे पट्टीचे खेळाडू. एकाने म्हणावे, "तिकडे जाऊन साधी मैदाने कशाला खेळायची? जिथे मोठ्या स्पर्धा होतात तिथेच खेळू." दुसऱ्याने म्हणावे, "आणि अगदी मागच्या टीवरून! मर्द गडी आहोत!" बाकीच्यांनी माना डोलवाव्या. दादांनी चाचरत विचारले, "मला झेपेल का?" त्यावर पुढाऱ्याने हसत हसत उत्तर दिले, "दादा, तुम्ही या हो! तुमचे काय, तुम्ही कच्चे लिंबू! मनाला येईल तसे मारा, आम्ही मोजणारच नाही!"

सगळे हसले. दादाही हसले. वर्गणी मात्र सर्वांची सारखी ठरली. पैसे देण्यापुरते लिंबू पक्के होते! त्या रात्री घरी आल्यावर दादा मला म्हणाले, "भावोजी, जरा स्टूल धरा." मी स्टूल धरले, आणि त्यांनी ती पिशवी माळ्यावर टाकली.

आता माझे भांडण कशाशी आहे ते सांगतो. पट्टीच्या खेळाडूंनी पट्टीचे खेळावे, याला माझी ना नाही. माझे भांडण त्या 'मोजणारच नाही' या औदार्याशी आहे. दुबळ्याला बरोबर न्यायचे, त्याच्याकडून खर्च घ्यायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि त्याला जमेस मात्र धरायचे नाही, या वागण्याला आपण मनाचा मोठेपणा म्हणतो. हा मोठेपणा नव्हे, हा अपमान आहे. गोड बोलून केलेला आहे एवढेच.

आणि गंमत अशी, की ज्या खेळापायी हे घडले त्या खेळाने यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे! तिचे नाव हँडिकॅप. क्रिकेटमध्ये तेंडुलकराबरोबर मला खेळायचे असेल तर मी चेंडू आणून देण्याच्याच कामाचा. गोल्फमध्ये तसे नाही. प्रत्येक खेळाडूचा एक आकडा असतो. अलीकडच्या वीस डावांतले सर्वांत चांगले आठ घेऊन त्यांच्या सरासरीवरून तो काढतात, आणि २०२० पासून बहुतेक जगभर हीच पद्धत चालते. आकडा जितका मोठा तितका खेळाडू कच्चा. चोपन्नाच्या वर तो जात नाही. छत्तीस आकड्याच्या माणसाला अठरा होलांवर प्रत्येकी दोन फटके माफ. म्हणजे जो होल चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावा असे धरलेले असते, तो माझ्या दादांनी सहा फटक्यांत संपवला, तर कागदावर ते त्याच्या बरोबरीला बसले! ही भीक नव्हे, बरे का. हा हिशेब आहे. इथे दुबळ्याला सूट मिळते ती मोजण्यासाठी. आमच्या लगोरीत मिळायची ती न मोजण्यासाठी. या एका भेदावर माझे सारे म्हणणे उभे आहे.

बैठकीत दोघे आठ आकड्याचे होते, एक बाराचा, आणि बाकीचे नऊजण चोवीस ते छत्तीसमधले. म्हणजे चौथाईने तीन-चौथाईचा बेत ठरवला. मैदानांनाही असाच एक आकडा असतो, त्याला स्लोप म्हणतात. तो पंचावन्नपासून एकशेपंचावन्नपर्यंत, आणि मधले साधारण मैदान एकशेतेराचे. मैदान जितके अवघड तितके कच्च्या गड्याचे हाल पक्क्याच्या मानाने किती वाढतात, हे तो आकडा दाखवतो. बाकीचे बारकावे सोडा, पण मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेल्या माझ्यासारख्यालाही हा गुणाकार करता येतो: आपल्या आकड्याला स्लोपने गुणा आणि एकशेतेराने भागा. एकशेचाळीस स्लोपच्या मैदानावर आठवाल्याचे होतात दहा, आणि छत्तीसवाल्याचे होतात पंचेचाळीस. एकाचे ओझे दोनने वाढले, दुसऱ्याचे नऊने! पुढारी म्हणतात, "मैदान सर्वांना सारखेच कठीण." नाही हो, सारखे नाही! तुमच्याच खेळाच्या शास्त्राने ते सारखे नाही म्हणून लिहून ठेवले आहे. पण ते पान उघडायला तुम्हांला सवड झाली नाही.

दादांवाचून अकराजण गेले. परत आलेल्या एकाने मला जे सांगितले ते असे. पहिला दिवस कौतुकात गेला. दुसऱ्या दिवशी मोठे मैदान, मागच्या टी, समोर तळे. पुढच्या टीवरून मारले असते तर ते तळे वाटेत फारसे आलेच नसते. पण मर्दपणाचे व्रत घेतलेले! चेंडूंमागून चेंडू पाण्यात. तिकडे बहुतेक मैदानांवर प्रत्येक खेळाडूला एक कॅडी घ्यावीच लागते, आणि त्या बहुधा बायका असतात. ती बिचारी हसू दाबून पुन्हा नवा चेंडू हातात ठेवी. मागचा चमू खोळंबला. पुढाऱ्यांनी चारचारांचे गट करताना चांगले चांगले एकत्र घेतले होते, ते खेळून कधीच पुढे गेले होते आणि फोनवर "लवकर आटपा" असे निरोप धाडत होते. तिसऱ्या दिवशी चौघे क्लबाच्या ओसरीवर शहाळी पीत बसले. चौथ्या दिवशी सहा. घरी आल्यावर त्यांतले दोघे शेजारी शेजारी राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत.

यावर नेहमीचे उत्तर येते: मग काय दुबळ्यांसाठी चांगल्यांनी आपली मजा घालवायची? हा प्रश्न मला शाळेत दर वर्षी एखादे पालक विचारतात. वर्गात तो खरोखर कठीण आहे, मी कबूल करतो. पण गोल्फमध्ये तो प्रश्नच उरत नाही! इथे प्रत्येकाचा चेंडू वेगळा. एकाच चौकडीत आठवाला मागच्या टीवरून मारील, छत्तीसवाला पुढच्या टीवरून मारील, दोघे गप्पा मारीत बरोबर चालतील, आणि कोणी कोणाच्या वाटेत येणार नाही. खेळ रेंगाळतो म्हणाल, तर त्यालाही तोड आहे. इंग्लंडात वॉलसी येथे डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९३२ साली गुणांची एक पद्धत काढली. माफीचे फटके वजा करून ठरल्या फटक्यांत होल संपवला तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि दोन जास्त झाले की शून्य. शून्य झाले की चेंडू उचलायचा, खिशात घालायचा आणि पुढच्या होलवर निघायचे. एका होलची फजिती तिथेच संपते, ती दिवसभर पाठीवर वाहावी लागत नाही, आणि मागचा चमूही खोळंबत नाही. त्या डॉक्टरला माझा नमस्कार पोचवा. अशी एखादी पद्धत आमच्या परीक्षा मंडळाला सुचती, तर किती पोरे वाचती!

पण या खेळात लबाडही असतात, हे सांगितले नाही तर पक्षपात होईल. एक जात आकडा फुगवून सांगणाऱ्यांची: येते सगळे, पण माफी उकळायची आणि बक्षीस न्यायचे. दुसरी जात आकडा दडवून लहान सांगणाऱ्यांची. छत्तीसचा मनुष्य चारचौघांत चोवीस सांगतो आणि पहिल्याच तळ्यात उघडा पडतो. आमच्याकडे दुसरी जात फार. ज्या पुढाऱ्याने कच्चे लिंबू हा शब्द उच्चारला, त्यानेच ती जन्माला घातली. मोजणारच नसाल तर खरे कोण सांगेल?

ही खोड गोल्फवाल्यांचीच आहे असे मात्र समजू नका. आसनगावला उतरून माहुलीचा किल्ला चढणाऱ्या आमच्याकडच्या टोळ्या पाहा. तगडे पुढे जातात, टेकाडावर बसतात, पाणी पितात, खजूर खातात. मागचा धापा टाकीत पोचला, की हे उठतात आणि म्हणतात, "चला, सगळे आले!" म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. मी मुलांना घेऊन निघतो तेव्हा सर्वांत हळू चालणारा पोरगा सर्वांत पुढे असतो. मोठी मुले कुरकुरतात, कुरकुरू देत. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर लाखो माणसे चालतात, त्यांत सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात; मुक्काम आधीच ठरलेले असतात आणि जवान वारकऱ्याला म्हणून पंढरपूर दोन दिवस आधी भेटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या बैठकीत कोणाच्या तोंडून निघाली नाही. अकरांपैकी सातांच्या बायका बरोबर गेल्या होत्या. पाच दिवसांच्या कागदावर त्यांच्यासाठी एकच ओळ होती: 'लेडीज, शॉपिंग.' माझी बायको हे ऐकून म्हणाली, "यांच्या खेळात दादा तरी कच्चे लिंबू होते, बायका तर झाडालाच राहिल्या." मी तिला म्हटले, हे वाक्य मी घेतो. ती म्हणाली, "घ्या, आतापर्यंत काय विचारून घेत होतात?"

यंदा पुन्हा बेत चालला आहे. मला कोणी विचारलेले नाही. तरी मास्तरकीची खोड जात नाही म्हणून सांगतो. हॉटेलचे भाव नंतर विचारा, आधी प्रत्येकाचा खरा आकडा कागदावर घ्या. पहिली दोन मैदाने मोठ्या आकड्याच्या नऊजणांनी निवडावीत. मोठ्या स्पर्धेचे मैदान खुशाल एक दिवस ठेवा, पण त्या दिवशी ज्याला समुद्रावर बसायचे त्याला बसू द्या आणि त्याच्याकडून मैदानाचे पैसे घेऊ नका. चौकड्या रोज बदला, आणि आठाचे दोघे एका चौकडीत येऊ देऊ नका. बक्षीस स्टेबलफर्डच्या गुणांवर द्या. बायकांना त्यांचा बेत त्यांनाच आखू द्या, आणि त्याचा खर्चही वर्गणीत धरा. एवढे झाल्यावर पट्टीच्या दोघांना वाटले की आपली मजा गेली, तर त्या दोघांनी निराळे जावे. दोघांनी जायला बारांची वर्गणी कशाला हवी?

दादांना मी या लेखाविषयी सांगितलेले नाही. पिशवी अजून माळ्यावरच आहे. परवा दिवाळीची साफसफाई करताना बायकोने तिच्यावरची धूळ पुसली, पण ती खाली घेतली नाही. बैठक यंदाही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, त्याच घरात आहे. चकल्यांसाठी मी जाणारच. जाताना हा अंक बरोबर नेईन आणि हे पान उघडून फराळाच्या ताटाशेजारी ठेवीन.