दोशी : शहामृगाचा श

दोस्तहो, आपल्यातले काही गडी पुस्तक हातात घेतलं की आधी लेखकाचं आडनाव बघतात. आडनाव 'त्यांचं' निघालं की पुस्तक खाली. न वाचताच निकाल. या निकालाशी मला भांडायचंय. त्यासाठी मुद्दाम एक आडनाव घेतो : दोशी. शहामृगाचा श. पोटफोड्या ष नव्हे, तरी आपल्या गड्यांना ऐकू येतं ते 'दोषी'च.

गुजरातीत दोशी म्हणजे कापड विकणारा. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा. सूत काढणारे आम्ही, कापड विकून आडनाव मिळवणारे ते. हे नातं जुनं आहे आणि प्रेमाचं नाही. तेव्हा मी त्यांची वकिली करतोय असं कुणी म्हणू नये.

पहिले बाळकृष्ण दोशी. घरं बांधणारे. जन्म पुण्याचा, १९२७ चा. घरचा धंदा फर्निचरचा. मुंबईत जे. जे.त शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली राबले आणि १९५४ पासून त्याच्या कामांवर देखरेख करायला अहमदाबादेत आले. त्यातलं एक काम साबरमतीकाठी गिरणीमालक संघाची इमारत. वारा खेळावा म्हणून सिमेंटचे तिरपे पडदे. मालकांच्या सभेला वारा पाहिजे! आम्ही खात्यात दमट हवेत उभे, कारण धागा तुटता कामा नये.

इथवर आपला गडी खूश. पण थांब. याच दोशींनी इंदूरला 'अरण्य' वसाहत आखली. साल १९८९. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. ८० हजारांवर माणसं तिथं राहतात, असं प्रिट्झकर देणारे सांगतात. सगळ्यात गरिबाला काय दिलं? तयार खुराडं नाही. छोटा प्लॉट, जोतं, न्हाणी-संडास, पाणी, वीज. वरचं घर ज्याचं त्यानं बांधायचं, पैसा येईल तसं वाढवायचं. जिना कुठं, ओटा किती, रंग कोणता, हे राहणारा ठरवील. गरिबाला अक्कल असते, हे इथं नकाशातच धरलंय. आपल्या वस्तीत येणाऱ्या किती साहेबांनी ते धरलं?

२०१८ ला प्रिट्झकर मिळाला. भारतात पहिल्यांदाच. सन्मानपत्रावर नाव एकाचं. विटा रचणारे हात बिननावाचे. हे ठणकावून बोललंच पाहिजे. पण आडनाव बघून तोंड फिरवलं असतं, तर बोलायला कळलं तरी असतं का?

आता कादंबरी. अवनी दोशीची 'गर्ल इन व्हाइट कॉटन' २०१९ ला आपल्याकडं निघाली. इंग्लंडात तीच 'बर्न्ट शुगर' झाली आणि २०२० ला बुकरच्या शेवटच्या यादीत गेली. गोष्ट पुण्यातली. आई नवऱ्याला सोडून लहान पोरीला घेऊन आश्रमात जाते. पुढं त्या आईची आठवण पुसत चालते आणि सांभाळायची पाळी पोरीवर येते. पोर माफ करत नाही. हिशेब मागते. मराठीत आईला देव्हाऱ्यात बसवून फुलं वाहणारे ढीगभर. ही देव्हारा उघडून आत काय आहे ते बघते. हे पुणं क्लबचं आणि आश्रमाचं, वस्तीचं नव्हे. तोही हिशेब आपण मागू. पण वाचून मागू.

आडनावावरून माणूस तोलायचा ही तागडी कुणाची आहे, दोस्तहो? शाळेत, ऑफिसात, भाड्यानं खोली मागताना ती आपल्यावरच चाललीय. 'पूर्ण नाव सांगा' म्हणजे काय, ते आपल्याला समजावायला नको. तीच तागडी उचलून आपण तोलत बसलो, तर मनूला एक फुकटचा मापाडी मिळाला, एवढंच होईल. ती मोडायची आहे, हातात घ्यायची नाही.

म्हणून वाचा. खोटं असेल तिथं उभं फाडा. भक्कम जोतं दिसलं तर त्यावर आपली भिंत चढवा. ज्याला हे पटत नाही त्यानं पुढच्या अंकात माझ्यावर तुटून पडावं. अट एकच : पुस्तक वाचून.