ओळखीचे पाच शब्द

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी थांबत जाते. आईच्या मांडीवर बसलेले पाच वर्षांचे मूल खिडकीतून फलक पाहते आणि ‘आपले अंबरनाथ आले’ म्हणत उठून उभे राहते. घरी आल्यावर आई पाटीवर ‘थ’ काढते, तेव्हा मात्र तेच मूल गप्प होते. आईला वाटते, मूल लक्ष देत नाही. वास्तविक मुलाने फलकावरची अक्षरे वाचलेलीच नसतात. रोज दिसणारा एक चेहरा त्याने ओळखलेला असतो. पुष्कळ मुलांच्या वाचनाचा आरंभ असाच होतो. या ओळखीपासून खऱ्या वाचनापर्यंत मुलाचा हात धरून कसे न्यावे, हा प्रश्न आज अनेक घरांत आणि पाठशाळांत पडलेला आहे.

इंग्रजी शाळांत ज्यांना ‘साइट वर्ड्स’ म्हणतात, ते शब्द म्हणजे पाहताक्षणी ओळखता आले पाहिजेत असे शब्द. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये अशा २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’, ‘कम’ असे हे शब्द. मुलांच्या इंग्रजी पुस्तकात ते पानोपानी भेटतात. त्यांतील अनेकांची अक्षरे एक सांगतात आणि उच्चार दुसराच असतो. म्हणून अक्षरांचे नाद जोडत बसलेले मूल तेथे थकते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्याने मराठी माध्यमातील पालकांनाही हा अनुभव नवा नाही.

मराठीचे तसे नाही. देवनागरीत बहुधा जसे लिहिले तसेच वाचले जाते. म्हणूनच बाराखडीचा पाया मराठीत सोडून चालत नाही. तरीही मराठीत प्रत्येक ओळीत भेटणारे काही शब्द असतात: आहे, नाही, आणि, होता, मग, पण, म्हणाला. यातील प्रत्येक शब्दापाशी मूल दर वेळी अक्षरे जुळवत थांबले, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. हे दहा-वीस शब्द डोळ्यांच्या सरावाचे झाले, की मन अर्थाकडे वळण्यास मोकळे होते. शिवाय मराठीलाही आपल्या लकबी आहेत. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ कागदावर एकच असला तरी तोंडात वेगळा असतो. असा फरक नियमाने सांगून कळत नाही. शब्द ओळखीचा झाला की तो आपोआप जिभेवर बसतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. त्या पिढीतील अनेक वडीलधारी माणसे सिंधी भाषा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीत लिहीत; त्यांची नातवंडे आज देवनागरी आणि रोमन लिपीत शिकतात. येथील जैन घरांचेही काहीसे असेच आहे. आजीचे स्तवनाचे पुस्तक गुजराती लिपीत असते, तिच्यात शिरोरेषा नसते. घरात गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलली जाते, शाळा इंग्रजी माध्यमाची असते, खेळण्याची भाषा हिंदी असते आणि २०२० च्या कायद्याने मराठी हा विषय राज्यातील सर्व शाळांत सक्तीचा झालेला आहे. अशा घरातील मूल मराठीच्या तासाला ‘आहे’ पाहून ‘है’ म्हणते आणि ‘मध्ये’च्या जागी ‘में’ वाचते. त्याला अर्थ कळलेला असतो. चूक असते ती दोन भाषांच्या सीमेवरची. अशा मुलाला वर्गात हसू होते, घरी त्याला ‘कच्चा’ म्हटले जाते आणि हळूहळू ते पुस्तक पाहताच पाठ फिरवते. खरी हानी होते ती येथे. शब्द आज ना उद्या येईल, पण उडालेली गोडी परत आणणे फार अवघड असते.

यावर उपाय म्हणून खेळ सुचवले जातात आणि ते योग्यच आहे. लहान मूल खेळात एकच गोष्ट वीस वेळा आनंदाने करते. वही पुढे ठेवली तर दुसऱ्या वेळीच कंटाळते. मात्र पाश्चात्त्य शिक्षणसाहित्यातून येणारे काही खेळ जैन घरात जसेच्या तसे उचलताना हात अडखळतो. जमिनीवर शब्दांच्या चिठ्ठ्या पसरून त्यांवर उड्या मारणे हा एक लोकप्रिय खेळ आहे. परंतु लिहिलेल्या अक्षरावर पाय पडला तर ती ज्ञानाची आशातना, हे आपल्याकडे मुलाला बोलता येण्याआधीपासून सांगितलेले असते. दुसरा खेळ माशी मारण्याच्या जाळीने भिंतीवरच्या शब्दावर फटका मारण्याचा. तिसरा गळ टाकून शब्दांचे कागदी मासे पकडण्याचा.

कागदाचा मासा तर आहे, त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर यशोधर राजाच्या कथेत आहे. त्याने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा; तरी मनातील मारण्याच्या संकल्पामुळे त्याला आणि त्याच्या मातेला जन्मोजन्मी दुःख भोगावे लागले, असे ती कथा सांगते. मुलांच्या खेळाला इतका कठोर न्याय लावण्याचे कारण नाही. पण शब्दाबरोबर मारण्याची मजाही मनात रुजते, एवढे ध्यानात घ्यावे. खेळ बदलण्यास खर्च काहीच येत नाही आणि बदललेल्या खेळाची गोडीही कमी होत नाही.

माशांऐवजी मुंग्या घ्याव्यात. निळ्या कापडाचा तलाव करावा, कागदी मुंग्यांवर एकेक शब्द लिहावा. मुलाच्या हाती पुठ्ठ्याचे पान द्यावे. शब्द वाचला की मुंगी पानावर घेऊन काठावर सोडायची. वाचता आला नाही तर ताईंनी शब्द सांगावा, मुलाने तो पुन्हा म्हणावा आणि मुंगी तरीही वाचवावी. या खेळात हरणारा कोणी नसतो, म्हणून बुजरे मूलही पुढे येते. माशीच्या जाळीऐवजी काडीला कागदी फुलपाखरू बांधावे. ताई शब्द उच्चारतील, त्या शब्दाच्या फुलावर मुलाने फुलपाखरू हलकेच बसवावे.

उड्यांची हौस भागवण्यासाठी लोकलचा खेळ उत्तम. पाच मुलांनी छातीशी शब्दपट्टी धरून खोलीत पाच ठिकाणी उभे राहावे, तीच स्थानके. बाकीच्यांनी एकामागे एक गाडी करून निघावे. प्रत्येक स्थानकावरचा शब्द वाचला की गाडी सुटते. पुढच्या फेरीत स्थानकांची अदलाबदल करावी, म्हणजे जागेवरून अंदाज बांधता येत नाही.

पाठशाळेसाठी आणखी एक साधन प्रत्येक मुलाच्या कंठात तयारच आहे. नवकार मंत्र मुलांना अक्षरओळख होण्यापूर्वीच पाठ असतो. मोठ्या ठळक अक्षरांत तो फलकावर लिहावा आणि त्यातील पहिल्या पाच पदांच्या आरंभी येणारा शब्द मुलांना शोधायला सांगावा. ज्या परंपरेत ‘णमो’ लिहितात तेथे ‘णमो’, जेथे ‘नमो’ लिहितात तेथे ‘नमो’. पाच ठिकाणी तोच आकार, तोच उच्चार, असे दिसताच मुलांचे चेहरे उजळतात. मात्र पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. म्हणून तोच शब्द सुट्या पट्टीवर, मग दुसऱ्या स्तोत्राच्या पानावर दाखवावा. तेथेही ओळखला, तरच तो शब्द मुलाचा झाला.

हीच कसोटी सर्वत्र लावावी. नुसता आकार पाठ करून शेकडो शब्द लक्षात राहत नाहीत. ‘ब’ दिसला की ‘बदलापूर’ म्हणणारे मूल ‘बदक’पाशी फसते. वाचनाच्या अभ्यासक लिनिया एहरी यांनी दाखवून दिले आहे, की पाहताच ओळखलेला शब्दही मनात चित्रासारखा चिकटलेला नसतो. त्याची अक्षरे आणि त्यांचे नाद एकमेकांशी पक्के बांधले गेलेले असतात. म्हणून प्रत्येक नवा शब्द आधी सावकाश म्हणावा, त्यातील अक्षरे बोटाने दाखवावीत, कोणते अक्षर ओळखीचे आहे ते विचारावे आणि मगच खेळात आणावा. अक्षरशिक्षण आणि शब्दओळख या दोन्ही गोष्टी बरोबर चालाव्यात.

आठवड्याला पाच शब्द पुरेत, रोज दहा मिनिटे पुरेत. नव्या पाचांत जुने दोन मिसळावेत. प्रत्येक शब्द वाक्यात यावा: ‘हे पाणी आहे’, ‘आजी घरी नाही’. साहित्यासाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवताना त्यांनी आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून शिक्षणसाधने उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावरच शाळा भरवली. आपल्या घरात जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद असतातच. त्यांची कोरी मागची बाजू शब्दपट्ट्यांना उत्तम. हिरवी पाने खेळासाठी तोडू नयेत, कागदाची पुरतात.

काही मुले एवढे करूनही मागे राहतात. सहा महिने प्रेमाने सराव घेऊनही ओळखीचा शब्द दुसऱ्या दिवशी अनोळखी वाटत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि नंतर वाचनाच्या अडचणी जाणणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. अशा मुलाची भावंडांशी तुलना करणे हे त्याच्यावर शब्दाने केलेले प्रहारच होत. अहिंसेचा पाठ देणाऱ्या घरात निदान तेवढे तरी टाळता यावे.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना जवळ बसवून, उजव्या हाताने लिपी आणि डाव्या हाताने अंक शिकवले, असे जैन परंपरा सांगते. भगवती सूत्राच्या आरंभीच ब्राह्मी लिपीला नमस्कार केलेला आहे. त्या परंपरेत पहिली शाळा म्हणजे वडिलांचे सान्निध्य होते. आज बदलापूरहून सकाळची लोकल गाठणारे वडील रात्री उशिरा घरी येतात, हे खरे. तरी जेवणानंतरची दहा मिनिटे, पाच पट्ट्या आणि एक निळे कापड एवढे त्यांनाही जमेल. या आठवड्यासाठी शब्द पुढीलप्रमाणे: आहे, नाही, आणि, मी, घर. पुढच्या रविवारी मुलाने हे शब्द आजीला वाचून दाखवावेत. गुजराती लिपीत वाचणाऱ्या आजीने मुलाकडून ते देवनागरीत शिकून घेतले, तर दोघांचाही सराव होईल.