पाठ चोळायला कुणीतरी

मागच्या महिन्यात ऑफिसात जेवताना 'डूला' या शब्दावर अर्धा तास चर्चा रंगली. टीममधल्या एकीने डिलिव्हरीसाठी डूला ठरवली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: डूला डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. कळा सुरू झाल्यापासून बाळंत होईपर्यंत जवळ थांबणारी, पाठ चोळणारी, धीर देणारी बाई. "म्हणजे श्रीमंतांचं फॅड!" एकाने निकाल देऊन टाकला.

पॅकेजेस बघितली तर तसंच वाटतं राव. पण गंमत अशी की या गोष्टीचे सुरुवातीचे पुरावे मिळाले ते साध्या, गर्दीच्या सरकारी वॉर्डांत. क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांच्या गटाने ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलात पहिलटकरणींजवळ एक अनोळखी, कुठलंही ट्रेनिंग नसलेली बाई बसवली. १९८० साली निकाल छापून आले. एकट्या बायकांना बाळंत व्हायला सरासरी १९ तास, सोबत असलेल्यांना जेमतेम ९! सँपल फक्त ४० जणींचं, त्यामुळे माझ्यातला इंजिनियर लगेच भुवया उंचावतो. पुढच्या मोठ्या अभ्यासांत फरक इतका नाट्यमय राहिला नाही. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १५ हजारांहून जास्त बायका होत्या, तिथे वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी भरला. सिझेरियन मात्र तिथेही कमी झाली.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग ह्यूस्टनच्या सरकारी हॉस्पिटलातला, १९९१चा. तिथे तीन गट होते. ज्यांच्याजवळ डूला होती त्यांच्यात ८ टक्के सिझेरियन, ज्यांच्याजवळ कुणीच नव्हतं त्यांच्यात १८. आणि तिसऱ्या गटात? खोलीत एक बाई नुसती कोपऱ्यात बसून नोंदी घ्यायची. एक अक्षर बोलायची नाही. तरी आकडा १३ वर आला! म्हणजे नुसतं कुणीतरी आहे, एवढ्यानेही फरक पडतो की काय?

आता आपल्याकडे बघा. २००५-०६ मध्ये देशात १०० पैकी जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ८९ च्या आसपास. जननी सुरक्षा योजना, आशाताई, गाड्या, सगळ्यांचं हे श्रेय. माता मृत्यूचं प्रमाण दर लाख जन्मांमागे २५४ (२००४-०६) वरून ९७ (२०१८-२०) वर आलं. त्यामुळे 'घरचं बाळंतपणच बरं होतं' वगैरे मी मुळीच म्हणणार नाही. रक्तस्राव सुरू झाला तर पाठ चोळून थांबत नाही, तिथे रक्ताची पिशवीच लागते.

पण घरी आई, काकू, सुईण जवळ असायच्या. दवाखान्यात पोरगी आत आणि आई जिन्यात डबा घेऊन बसलेली. पैसेवाल्यांनी ती रिकामी जागा डूला लावून भरून काढली. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या लेकीने काय करायचं?

कागदावर उत्तर आहे. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत थांबू शकते असं सांगितलं. शक्यतो जिने स्वतः कळा सोसल्या आहेत अशी बाई. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही हे आलं. अडतं कुठे? एकाच हॉलमध्ये चार-पाच खाटा, मध्ये पडदा नाही. मग शेजारणीच्या अब्रूचं कारण पुढे करून सगळ्यांच्याच आया बाहेर. डॉक्टर-नर्सना दोष देणं सोपं आहे, पण इतक्या गर्दीत आणखी पाच माणसं नकोत असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही. फक्त त्यावरचा उपाय दार बंद करणं नाही, पडदा लावणं आहे.

आमच्या कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी नुकत्याच माता आरोग्यासाठी 'आयडिया' मागवल्या. तीन जणांनी अ‍ॅप सुचवलंय. मी लिहिलं: पडदे, पडद्यांचे रॉड, बसायला स्टुलं. "यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?" अशी मेल आली आहे. सोमवारी ह्यूस्टनचे आकडे जोडून उत्तर पाठवतोय.