यंत्रमानवाचे डोळे आणि घरातील जुना फोन

पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. २०१६ पासूनच्या या योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. घोषणा स्वागतार्ह आहे. मात्र या रकमेतून नेमके काय घ्यायचे, याची चर्चा फारशी होत नाही. यंत्रमानवाला समोरचे दिसावे, तोल कळावा, आपण किती सरकलो हे समजावे, यासाठी लागणारे संवेदक तयार संचातूनच घ्यायला हवेत काय?

स्पर्धांत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधले आहे. संगणकाच्या ऑप्टिकल माऊसमध्ये एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून सरकलेले अंतर काढतो. चाक घसरले की चाकाच्या फेऱ्या मोजणारा एन्कोडर फसतो. माऊस फसत नाही, कारण त्याचे लक्ष चाकाकडे नसून जमिनीकडे असते. अर्थात जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटरहून अधिक उंची त्याला सोसत नाही. मोबाईलमध्ये तर कॅमेरा, त्वरणमापक आणि बहुधा जायरोस्कोपही एकत्रच मिळतो. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेने २०१५ पासून काही वर्षे यंत्रमानवाच्या नियंत्रणासाठी अँड्रॉइड फोनच स्वीकारले होते.

सर्वाधिक गाजले ते मायक्रोसॉफ्टचे कायनेक्ट. नोव्हेंबर २०१० मध्ये व्हिडिओ खेळांसाठी सुमारे १५० डॉलरला विक्रीस आलेले हे उपकरण अवरक्त ठिपक्यांची जाळी समोर पसरून वस्तूंचे अंतर मोजत असे. त्या काळी अशा कामाचे लेसर उपकरण हजारो डॉलरना मिळे. काही दिवसांतच त्यासाठी खुली आज्ञावली तयार झाली आणि २०१२ च्या ‘फर्स्ट’ रोबोटिक्स स्पर्धेत संघांना दिलेल्या साहित्यात कायनेक्टचा समावेश झाला. पुढे खेळांच्या बाजारातील त्याचे आकर्षण ओसरले आणि २०१७ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले. यंत्रमानव बनविणाऱ्यांची गरज संपली नव्हती, पण ते त्या कंपनीचे मुख्य ग्राहक नव्हतेच.

भारतात या क्षेत्राची ओळख मुख्यतः दूरदर्शनच्या रोबोकॉनमुळे झाली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात २००८ आणि २०१४ अशी दोनदा झाली. २००८ चा विषय तर गोविंदा आणि दहीहंडीचा होता. मोठ्या संस्थांचे संघ अशा स्पर्धांसाठी लाखो रुपये उभे करू शकतात. प्रश्न उरतो तो इतरांचा.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवाराचे उदाहरण घेता येईल. भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या परिसरातील हे छोटे शहर. याच जिल्ह्यात आयआयटी भिलाईचे कायमस्वरूपी संकुल असून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पण अशा ठिकाणच्या शाळेत संचातील एखादा संवेदक जळाला, तर तो बाहेरून मागवावा लागतो आणि तोवर काम खोळंबते. मोबाईल दुरुस्तीचे दुकान मात्र जवळच्या बाजारात असते. शिवाय, तयार संच जोडणाऱ्या विद्यार्थ्याला संवेदकाचा आकडा मिळतो. माऊस उघडणाऱ्याला तो आकडा कसा तयार होतो तेही दिसते. कायनेक्टसारखे अवरक्त उपकरण भर उन्हात निकामी का ठरते, हे पटांगणातल्या एका प्रयोगातच उमगते.

अडसर आहे तो कार्यालयीन. खरेदी केलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि ती उघडून मोडली तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. परिणामी महागडे संच कपाटात सुरक्षित राहतात. नव्या प्रयोगशाळांच्या नियमांत, उघडण्यासाठीच घेतलेल्या जुन्या वस्तूंना या हिशेबातून वगळणे सहज शक्य आहे. त्यासोबत एक खबरदारी मात्र लेखी स्वरूपात हवी: जुन्या फोनची फुगलेली बॅटरी विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, ती आधीच काढून वेगळी करावी.