फट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोशीच्या सोसायटीने दोन बोअर मारली. पहिलं ५०० फूट गेलं, नुसता धुरळा. पंचवीस पावलांवर दुसरं, तर १८० फुटांवरच पाणी! आम्ही म्हटलं नशीब. बोअरवाला म्हणाला, "फट लागली साहेब."

हे आठवलं दापोलीच्या मामामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचं भू-औष्णिक ऊर्जेचं धोरण आलं, ते वाचून त्याचा फोन. "काय रे, तुम्ही चाकणला गॅस कशाला जाळता? जमिनीखाली फुकट उष्णता आहे की!"

प्रश्न अगदीच भाबडा नाही. मी पेंट शॉपमध्ये आहे. रंगाआधी पत्रा धुवायच्या टाक्या आम्ही पन्नास-साठ अंशांवर ठेवतो. एवढ्यासाठी गॅसची ज्योत!

पण आपला खडक तसा थंडच. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना भागात गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. तिथे ६ किलोमीटरवर १३० ते १५० अंश असतील असा अंदाज आहे. आइसलँडमध्ये याहून जास्त तापमान २ किलोमीटरवर मिळतं.

मग मामाच्या तालुक्यातल्या उन्हवऱ्याला जमिनीवरच ७० अंशांच्या आसपासचं पाणी कसं? पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि निवायच्या आत दुसऱ्या भेगेतून वर येतं. उष्णता सगळीकडे आहे हो, दुर्मिळ आहे ती फट!

फट पाडता येते की, असं कोणी म्हणेल. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलला दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा उघडायला गेले, तर शहराला भूकंपाचे धक्के बसले आणि काम थांबवावं लागलं. १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या माणसाला हे पटवून बघा!

म्हणून माझं मत असं. चाकणने पाताळाकडे बघण्याआधी स्वतःच्या ओव्हनच्या धुराड्याकडे बघावं. तिथून जाणाऱ्या उष्णतेवर टाक्या तापवता येतील. आणि कोकणातल्या झऱ्यांना 'वीज किती मिळेल' एवढाच प्रश्न विचारू नये. वाफेची टर्बाइन ७० अंशांवर फिरत नाही, पण भर पावसात आमसुलं आणि मासे वाळवायला तेवढी ऊब पुष्कळ झाली. स्नानाची कुंडं तशीच ठेवून, वाहून जाणाऱ्या पाण्यावर हे करता येईल.

मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे उष्णता माझी आणि बिल तुझं!"

असो. तुमच्या गावाकडे असं उन्हाळं असेल तर जरूर कळवा.