पोटखराब्यातले बालपण

डिसेंबर ते मार्च या दिवसांत रविवारी सकाळी पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवणकडे निघालात, तर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या हमखास दिसतात. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात. कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार आपल्या होड्यांतून मंडळींना पक्ष्यांच्या दिशेने नेतात. मुले ओरडतात, ‘ओरडू नका’ म्हणून शिक्षक त्यांच्याहून मोठ्याने ओरडतात, फोटो निघतात, जेवणे होतात आणि दिवेलागणीला बस परत. सोमवारी वहीत निबंध असतो, ‘निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस’.

या सहलींना नावे ठेवण्याचे कारण नाही. धरणाच्या पाण्याने ज्या गावांची शेते गिळली, तिथल्या चार घरांची चूल आता त्या पाण्यावरच्या होडीमुळे पेटते, हेही काही कमी नाही. पण निबंधाच्या शीर्षकातला तो ‘एक दिवस’ मला खटकतो. पुण्याच्या मुलाने तसे लिहावे, हे समजू शकते. बारामतीच्या, इंदापूरच्या, अगदी भिगवणच्या शेजारच्या गावातल्या मुलानेही तेच लिहावे? ज्याच्या घरामागे ओढा आहे, शाळेच्या कुंपणापलीकडे माळ आहे, त्याला निसर्ग पाहायला बसमध्ये बसून जावे लागते, ही अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांतली घडामोड आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

नोकरीची बरीच वर्षे मी बँकेत काढली. सातबारा हा आमचा रोजचा ग्रंथ. त्यात लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली ‘पोटखराबा’ असा एक आकडा असतो. खडक, मुरमाड तुकडा, ओढ्याची घळ, नाला, काहीच न पिकणारी जागा. कर्जाच्या हिशेबात तो आकडा आम्ही सरळ वजा करायचो, कारण त्या जमिनीचे उत्पन्न शून्य. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरही होते. पण स्थळपाहणीला गेले की गावातली पोरे नेमकी तिथेच भेटायची. बोरीच्या झाडाखाली, ओढ्याच्या डोहात, माळावरच्या दगडांत सरडे शोधत. उभ्या पिकात त्यांना कोण शिरू देणार? पोरांच्या वाट्याला यायचा तो पोटखराबा, गायरान आणि सरकारी माळ.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आले तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या कडेचा पट्टा हिरवा झाला. पुढे कारखाने आले, १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, उपसा सिंचनाच्या योजना झाल्या. (त्यांतल्या काहींच्या कर्जांच्या फायली मीच हाताळल्या आहेत.) माणसे सुखी झाली, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणे संपले. त्या दिवसांबद्दल गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. मात्र पाणी आले तसा जेसीबी आला, माळ सपाट झाला, ओढे सरळ झाले, बांधावरची बाभूळ-हिवर गेली आणि पोटखराब्यातही ऊस उभा राहिला. ऊस हे पीक मोठे अप्पलपोटे. ज्वारीच्या रानात हुरड्याला पोरे जातात, उसाच्या रानात कुणी खेळायला जात नाही. गावाभोवती बारा-बारा फूट उंच हिरवी भिंत आणि आत मूल. लांबून पाहणाऱ्याला वाटते, केवढा निसर्ग!

घराजवळची गोष्ट वेगळी नाही. बहुतेक अंगणांत आता फरशी आहे. शाळांच्या मैदानांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याची एक लाटच येऊन गेली. चिखल होत नाही, बूट खराब होत नाहीत, उद्घाटनाची पाटी लावता येते. सकाळी पिवळी बस येते, पाच-सात वर्षांच्या मुलाला पंधरा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत नेते, संध्याकाळी आणून सोडते, मग शिकवणी. सूर्य त्याला दिसतो तो बसच्या काचेतून.

आता यात बिघडले काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर अलीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येऊ लागले आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेऊन एक प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला, उरलेल्या सहांत नेहमीचेच वेळापत्रक ठेवले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीदोष जडला, म्हणजे लांबचे नीट दिसेनासे झाले. बाहेर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही, फक्त उजेड. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी दिवसाला दोन तास बाहेर राहावे असे धोरणच आखले आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेली अधू दृष्टीची टक्केवारी काही काळाने उताराला लागली. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड वर्गातल्या दिव्यांच्या अनेक पट असतो. डोळा वाढीच्या वयात त्या उजेडाचा भुकेला असतो, असे आता मानले जाते.

दुसरी गोष्ट मातीची. फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या खडी टाकलेल्या अंगणांत जंगलातली माती आणि झाडोरा आणून पसरला. तीन ते पाच वर्षांची मुले त्यात खेळली. अवघ्या अठ्ठावीस दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाच्या चांगल्या खुणा दिसल्या, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मुले थोडीच होती, तेव्हा यावरून फार उड्या मारू नयेत. पण तिथे माती विकत आणून पसरतात आणि आपण असलेल्या मातीवर सिमेंटचे गट्टू बसवतो, यातली गंमत लक्षात यावी. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१९). लहानपणी ज्यांच्या घराभोवती हिरवाई कमी होती, त्यांच्यात पुढे मनोविकारांचे प्रमाण जास्त आढळले. दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हे आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही आकडा दुर्लक्षून चालणार नाही.

लेखक म्हणून मला आणखी एक तोटा दिसतो, तो भाषेचा. रोहित पक्ष्याला ‘फ्लेमिंगो’ म्हणणारी मुले भेटतात, त्याचे वाईट वाटत नाही. पण टिटवी ओरडली तर ‘कुठला तरी पक्षी’, तरवड म्हणजे ‘पिवळ्या फुलांचे झुडूप’, पायात रुतला तो सराटा की कुसळ हे सांगता येत नाही. शब्द वस्तूला हात लावून येतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मखमली लाल किडा तळहातावर घेऊन तो पाय पोटाशी घेतो की चालू लागतो हे पाहत बसलेल्या मुलाला ‘मृग’ हा शब्द पाठ करावा लागत नाही. धीर धरणे, न हलणे, बारकाईने पाहणे हेही त्याला कुणी शिकवलेले नसते.

मात्र नुसते उघड्यावर असणे म्हणजे निसर्गात वाढणे, असे कुणी समजू नये. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटली की मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत उतरतात. त्यांची मुले चोवीस तास उघड्यावर असतात. पाचटाच्या कोपीत झोपतात, पहाटेच्या थंडीत फडावर असतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढे गोळा करतात. आकाश, माती, वारा, सगळे आहे. शाळा नाही, खेळ नाही, पोटभर झोप नाही. मुलाला झाडाखाली बसायला सवड हवी आणि तिथून उठून कुठे जायचे हेही ठरलेले हवे. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या. कुठे चालल्या, कुठे कागदावर राहिल्या.

याच्या उलट बाजूचा एक अनुभव सांगतो. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत आम्ही शेळ्यांसाठी कर्जे देत असू. विम्यासाठी शेळीच्या कानात बिल्ला मारायचा आणि पाहणीत बिल्ल्याचा नंबर ताडून पाहायचा, असा नियम. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो तर तीन शेळ्यांचे बिल्ले गळून पडलेले. आता ओळखायचे कसे? दहा-अकरा वर्षांचा पोरगा म्हणाला, “सायेब, बिल्ला कशाला पायजे? ही लंगडीची पाट, हिचं खुराचं वळण आईसारखंच हाय. ती सांजच्याला बोरीशिवाय कशाला तोंड लावत नाय.” मग त्याने ओल्या मातीतले ठसे दाखवले. हा आपल्या शेळीचा, हा शेजारच्या वाड्यावरच्या मेंढराचा, आणि हा, जरा आवाज उतरवून, लांडग्याचा. “कुत्र्याचा न्हाई कशावरून?” म्हटले, तर त्याने ते ठसे एका ओळीत कसे नीट चाललेत ते दाखवले आणि कुत्रे कसे भरकटत जाते तेही. मी शाळेची चौकशी केली. चौथी नापास, शाळा सोडलेली. परिसर अभ्यास नावाचा विषय शाळेत होता, आणि त्या विषयातला सबंध तालुक्यातला बहुधा पहिला नंबर माळावर शेळ्या राखत होता.

त्या मुलाला शाळेत कसे आणायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात आधीच कुणीतरी सोडवून पाहिला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायका पाड्यावर गेल्या आणि तिथल्याच अंगणात बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मोठी मुले गुरे घेऊन कुरणात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. गुरे चरताहेत, मुले शिकताहेत, मोजायला गवताची पाती, पाने, खडे. अंगणवाडी सरकारने उचलली आणि देशभर नेली. कुरणशाळा तिथेच राहिली, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कारण बारामती-इंदापूरला कुरणांची वाण नाही.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा पाहावा तर तिथे. इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस हे सगळे आहेत. २०२४ मध्ये वनखात्याने कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातले शिरसुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली. सरकारी दप्तरात ज्याला वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हटले आणि झाडे लावायची म्हणून ज्यात खड्डे खणून ग्लिरिसिडिया कोंबला, तो माळ पाहण्यासारखा आहे हे एकदाचे कबूल झाले. चांगलेच झाले. भीती एवढीच, की जीपमधून पाहायचा माळ पैसे भरणाऱ्याचा होईल आणि कुंपणाबाहेरच्या पोराला तो परका होईल.

आईबापांची भीती खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. साप-विंचू आहेत. जुन्नर-शिरूरकडून बिबट्याच्या ज्या बातम्या २०२५ मध्ये आल्या, त्यांनी उसाच्या पट्ट्यातले प्रत्येक घर हादरले. पाण्याचे तर विचारूच नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली, सहाजण गेले आणि त्यांत लहान मुलेही होती. पण यावर मुलाला घरात कोंडणे हा उपाय आहे का? पूर्वी विहिरीवर पाठीला भोपळा बांधून सातव्या-आठव्या वर्षी पोहायला शिकवणारा चुलता असे. आज धरणाच्या काठावर राहणाऱ्या किती मुलांना पोहता येते, याची मोजदाद एखाद्या शाळेने करून पाहावी. पाणी दारात आणि पोहणे येत नाही, ही अवस्था जास्त धोक्याची.

राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. दप्तराचे ओझे नाही, इतर उपक्रम करा, असा त्याचा आशय. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी वर्गातच चित्रे रंगवतात. त्याऐवजी शाळेपासून चालत दहा मिनिटांवरची एकच जागा ठरवावी. ओढ्याचे वळण, गायरानाचा तुकडा, एखादे मोठे वडाचे झाड, काहीही चालेल. दर शनिवारी तिथेच जावे. जूनमध्ये तिथे काय उगवते, ऑक्टोबरात कुसळे कधी वाळतात, संक्रांतीला बोरे कुठल्या झाडाची गोड, टिटवी अंडी कुठे घालते, हे वहीत नको, आधी डोळ्यांत जमू द्यावे. शिकवायला मेंढपाळ आजोबांना बोलवावे, मानधन द्यावे. बसभाडे लागत नाही, परवानगीचे कागदही फारसे लागत नाहीत. लागते ती फक्त जागा.

आणि जागेचेच अवघड होत चालले आहे. गायरानांवर अतिक्रमणे होत आली आहेत. सामाईक जमिनी मोकळ्या कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावले होते. आता शेतीच्या दिवसा विजेसाठी सौर प्रकल्पांना सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. वीज हवीच, शेतकऱ्याने रात्री मोटर चालू करायला जाऊन जीव का धोक्यात घालावा? पण गायरान द्यायचे तर सगळे द्यायचे की पाच-दहा एकर राखायचे, ओढ्याकाठचा तुकडा सोडायचा की नाही, हे बोलण्याची जागा ग्रामसभा आहे. १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ती भरते. झेंडावंदन झाले की पोरे लाडू-जिलेबी घेऊन पळतात आणि मागे राहिलेल्या वीस-पंचवीस माणसांत ठराव होतात. त्या यादीत गट नंबर वाचला जाईल तेव्हा एखाद्या आईने उठून एवढे विचारावे, की या गटात शाळेची पोरे जातात ती जागा कुठली, आणि ती नकाशावर दाखवा.